रोज एक पक्षी, महिनाभर: गटाने पक्षीचित्रं काढण्याची तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

रोज एक पक्षी काढायचा आणि गटात टाकायचा, एवढंच ठरवून सुरू केलेले उपक्रम बहुधा दुसऱ्या आठवड्यात ढेपाळतात. चित्र जमत नाही म्हणून सोडणारे त्यात थोडेच असतात. रात्रीचं जेवण उरकल्यावर आज कोणता पक्षी, त्याचा फोटो कुठून आणायचा, पेन्सिल घ्यायची की रंग, या विचारातच तास जातो, आणि कागदावर रेघ पडायच्या आधी झोप येते. म्हणून खालच्या टप्प्यांतलं निम्मं काम पहिल्या तारखेच्या आधीचं आहे. महिना सुरू झाला की रोजच्या वाट्याला पंचवीस मिनिटांचं चित्र उरलं पाहिजे, निर्णय एकही नाही.

इथे नोव्हेंबर धरून सांगितलं आहे. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो (५ तारखेला मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, १२ तारखेला सलीम अली यांचा). पाऊस गेलेला असतो आणि हिवाळी पाहुणेही येऊन पोचलेले असतात. दुसरा महिना घेणार असाल, तर टप्पा ३ मधला पिसाऱ्याचा मुद्दा त्या ऋतूप्रमाणे बदलून घ्या.

## टप्पा १: नियम ठरवा (ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत)

सहा ते बारा माणसं पुरेत. याहून कमी असली तर दोघांना ताप आला की गट रिकामा दिसतो, आणि जास्त असली तर कोणाचंच चित्र नीट बघितलं जात नाही. नियम एकाच संदेशात लिहून गटात वर टाचून ठेवा. त्यात एवढं असू द्या:

१. वेळेची कमाल मर्यादा: पेन्सिलच्या चित्राला २५ मिनिटं, रंगीत चित्राला ४०. घड्याळ लावायचं.

२. कागदाचा आकार: सगळ्यांचा ए५ (ए४ च्या निम्मा). मोठा कागद घेतला की रिकामी जागा भरण्यात वेळ जातो.

३. चित्र पाठवण्याची मुदत: दुसऱ्या दिवशी सकाळी १०, भारतीय वेळेप्रमाणे.

४. कोणाच्या चित्रावर कोण बोलणार, याची पाळी (टप्पा ८).

मुदत मध्यरात्रीची न ठेवता सकाळी दहाची ठेवण्याला दोन कारणं आहेत. बहुतेकांचं चित्र रात्री होतं आणि रात्री ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो करडा-पिवळा येतो. सकाळच्या उजेडात तो दोन मिनिटांत नीट निघतो. दुसरं म्हणजे गटात न्यू जर्सीची मंडळी असतील, तर पुण्याचे सकाळचे दहा म्हणजे त्यांचे आदल्या रात्रीचे साडेअकरा. म्हणजे त्यांनाही तीच तारीख पुरेपूर मिळते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात. त्याआधीच्या दिवसांत त्यांचे साडेबारा वाजलेले असतील, तेवढी सवलत द्या.

सावध: क्रमांक, बक्षीस, 'आजचं सर्वोत्तम चित्र' असलं काही ठेवू नका. ज्यांचा हात अजून कच्चा आहे ते आधी उशिरा पाठवायला लागतात आणि मग पाठवायचेच थांबतात.

## टप्पा २: पक्ष्यांची यादी, चढत्या क्रमाने

सगळ्यात जास्त गोंधळ यादीत होतो. आवडते पक्षी आठवतील तसे लिहिले जातात आणि पहिल्याच दिवशी मोर येतो. पक्षी आवडीने लावू नका, काढताना नेमकं काय अडतं ते बघून लावा. एका आठवड्यात एकाच प्रकारची अडचण असली, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी हात त्यावर बसतो. एक चालणारी मांडणी अशी:

१ ते ७, गोलसर आणि ओळखीचे: पारवा, होला, साळुंकी, लालबुड्या बुलबुल, चिमणी, सातभाई, शिंपी. या आठवड्यात फक्त पेन्सिल. काम एकच: अंगाचा कल आणि डोक्या-धडाचं प्रमाण.

८ ते १४, काळे आणि काळे-पांढरे: दयाळ, चिरक, धोबी, कोतवाल, कोकीळ, भारद्वाज, कावळा. इथे छाया शिकायची. काळा पक्षी सपाट डागासारखा दिसतो, म्हणून कावळा शेवटी.

१५: मोकळा दिवस.

१६ ते २२, लांब पायांचे: टिटवी, शेकाट्या, वंचक, गायबगळा, छोटा बगळा, जांभळा बगळा, रोहित.

२३ ते २९, रंगीत, आणि शेवटी एक उडता: तांबट, वेडा राघू, पांढऱ्या छातीचा खंड्या, हळद्या, हरियाल, शिंजीर, आकाशातली घार.

३०: मोकळा दिवस.

५ ते १२ तारखेच्या दरम्यानचा रविवार यादीतून काढा आणि तिथे 'समोर दिसेल तो' असं लिहा. त्या दिवशी बाहेर जायचं (टप्पा ६). ज्या पक्ष्याची जागा गेली, त्याला सोडून द्या.

यादीत नुसतं 'खंड्या' लिहिलं, तर एक जण पांढऱ्या छातीचा काढतो, दुसरा छोटा निळा, आणि तुलना करायला काही उरत नाही. वंचकाला कोणी ढोकरी म्हणतं, भारद्वाजाला कोणी कुंभारकुकडा. म्हणून प्रत्येक नावापुढे शास्त्रीय नाव लिहा, आणि नर-मादी वेगळे दिसत असतील तर तेही. दयाळाचा नर काळा-पांढरा असतो, मादीच्या अंगावर काळ्याच्या जागी राखाडी असते. कोकिळेचा नर काळा आणि मादी तपकिरी, ठिपक्या-पट्ट्यांची. 'कोकीळ, नर' एवढं लिहिलं तरी पुरतं.

तपासा: यादी गटात सर्वांनी पाहिली का? पहिल्या तारखेनंतर यादी बदलायची नाही. 'आज मला हा नको' म्हणत एकाने पक्षी बदलला, की आठवड्याभरात प्रत्येक जण वेगळाच पक्षी काढायला लागतो.

## टप्पा ३: संदर्भाचे फोटो आधी जमवा

हे काम महिन्याच्या आधीच्या एका रविवारी सर्वांनी वाटून घ्या. दहा माणसं असतील तर प्रत्येकाकडे तीन पक्षी येतात. एका पक्ष्याचे किमान तीन फोटो हवेत: एक अगदी बाजूने, एक तिरका, एक पाय आणि फांदी स्वच्छ दिसणारा. फोल्डरला तारीख आणि पक्ष्याचं नाव द्या: '०४ लालबुड्या बुलबुल'.

फोटो कुठले घ्यायचे? गटातल्या कोणी काढलेले सर्वांत चांगले. नाहीतर परवानगी घेऊन दुसऱ्याचे, किंवा विकिमीडिया कॉमन्सवर मुक्त परवान्याखाली ठेवलेले. परवान्यात 'बाय' (BY) असेल तर छायाचित्रकाराचं नाव चित्राखाली द्यायचं. 'एनडी' (ND) असेल तर त्यावरून बदललेली कृती बाहेर दाखवायला मनाई असते, म्हणून तो फोटो वगळा. दुसऱ्याच्या फोटोतली चौकट, फांदी, पवित्रा जसाच्या तसा उतरवून 'माझं चित्र' म्हणून मिरवणं तर परवाना असला तरी बरं नाही. दोन-तीन फोटो बघून एक पवित्रा तयार करायची सवय पहिल्या आठवड्यातच लावा.

मात्र फोटो एकत्र करताना ऋतू जुळला पाहिजे, आणि इथेच जाणकारही फसतात. वंचक नोव्हेंबरमध्ये तपकिरी रेघांचा, मळकट असतो. विणीच्या काळात त्याच्या पाठीवर गडद तांबूस-किरमिजी पिसं येतात. एका फोटोतली पाठ आणि दुसऱ्यातली मान घेतली, की जगात नसलेला पक्षी तयार होतो. गायबगळ्याचं डोकं आणि मान विणीच्या दिवसांत केशरी असतात, आत्ता तो पांढरा दिसेल. छोट्या बगळ्याच्या डोक्यावरची दोन लांब पिसंही विणीच्या काळातलीच. शिंजिराचा नर तर या महिन्यात कित्येकदा मादीसारखा पिवळट असतो आणि गळ्यापासून पोटावर एक काळसर पट्टी एवढीच त्याची खूण उरते. चकचकीत जांभळा काढायचा असेल तर बेलाशक काढा, पण सगळे फोटो तशाच पिसाऱ्याचे घ्या.

सावध: शोधल्यावर येणाऱ्या चित्रांत आता यंत्राने बनवलेले 'पक्षी' पुष्कळ असतात. पायाची बोटं मोजा, पंखाची टोकं कुठे संपतात ते बघा, फोटोखाली काढणाऱ्याचं नाव, जागा आणि तारीख आहे का ते तपासा. यांतलं काहीच नसेल तर तो फोटो घेऊ नका.

घरट्यावरच्या पक्ष्याचे फोटो संदर्भालाही नकोत. गटात ते फिरले की आणखी चार जण घरटं शोधायला जातात.

## टप्पा ४: साहित्य

थोडक्यात सांगायचं तर कमी घ्या. एचबी, २बी आणि ४बी अशा तीन पेन्सिली ('बी'चा आकडा मोठा तशी पेन्सिल मऊ आणि गडद), दाबून आकार देता येणारं मऊ खोडरबर आणि साधं खोडरबर, ए५ वही, दोन क्लिपा. नुसत्या पेन्सिलला १३० ते १६० जीएसएमचा कागद चालतो (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन; आकडा मोठा तसा कागद जाड). जलरंग लावणार असाल तर ३०० जीएसएम घ्या, कारण पातळ कागद पाण्याने फुगतो आणि त्या खळग्यात रंग साचतो. दोन वह्या नको असतील, तर चौथ्या आठवड्यापुरते जाड कागदाचे सात तुकडे कापून ठेवा.

शाईचं पेन वापरणाऱ्यांनी एक चाचणी करावी: वहीच्या शेवटच्या पानावर रेघ मारा, दोन मिनिटं थांबा, ओला ब्रश फिरवा. रेघ पसरली तर ते पेन रंगाच्या चित्राला वापरायचं नाही, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

## टप्पा ५: रोजची पंचवीस मिनिटं

बहुतेक जण डोळ्यापासून सुरुवात करतात, कारण डोळा काढला की पक्षी 'दिसायला' लागतो. मग डोक्याला धड जोडतात, धडाला शेपूट, आणि शेवटी कागद संपला म्हणून पाय आखूड होतात. क्रम उलटा हवा: आधी कल, मग मोठे आकार, मग पाय, आणि त्यानंतर चोच-डोळा.

### ० ते ५ मिनिटं: बघणं आणि तीन छोट्या आकृत्या

पहिली दोन मिनिटं पेन्सिल खाली. डोळे बारीक करून फोटो बघा म्हणजे पिसं नाहीशी होतात आणि आकार उरतो. मग अंगठ्याएवढ्या तीन भरीव आकृत्या काढा, प्रत्येकी एक मिनिट, आत काहीही नाही. तिसऱ्या आकृतीकडे बघून पक्षी ओळखू येत असेल तर पुढे जा. येत नसेल तर दोष बहुधा अंगाच्या कलात असतो. साळुंकी चालताना बरीच आडवी असते, टिटवी त्याहून आडवी, खंड्या आणि वेडा राघू तारेवर जवळपास उभे बसतात, बुलबुल तिरका. सगळे पक्षी ४५ अंशांत बसवायची खोड फार लवकर लागते.

### ५ ते १० मिनिटं: रेघ, अंडं, चेंडू, पाय

१. मानेपासून शेपटीच्या टोकापर्यंत कलाची एक रेघ, एचबीने, अगदी हलकी.

२. तिच्यावर धडाचं अंडं. रुंद बाजू छातीकडे.

३. डोक्याचा चेंडू. चोच सोडून डोक्याची लांबी हे तुमचं माप. फोटोत धड किती डोक्यांचं आहे, शेपूट किती, ते पेन्सिल धरून मोजा आणि तसंच उतरवा. अंदाजाने काढलेलं डोकं जवळपास दर वेळी मोठं होतं; माणसांची चित्रं काढणाऱ्यांना हा त्रास जास्त.

४. अंडं आणि चेंडू यांना जोडणारी मान काढू नका. छोट्या पक्ष्यांची मान पिसांत झाकलेली असते. डोक्यामागून पाठीपर्यंत एकच वाहती रेघ येते.

५. अंड्याच्या मध्यातून सरळ खाली उभी रेघ सोडा. बसलेल्या पक्ष्याची बोटं या रेघेवर किंवा तिच्या अगदी जवळ पडली पाहिजेत. नाहीतर पक्षी तोंडावर पडेल असा दिसतो.

पायांत हमखास चूक होते ती सांध्याची. पायात मागे वाकलेला जो सांधा दिसतो तो गुडघा नव्हे, घोटा. खरा गुडघा पोटाच्या पिसांत लपलेला असतो. म्हणून पाय अंड्याच्या कडेला चिकटवायचे नाहीत, पिसांतून बाहेर येताना दाखवायचे. तिसऱ्या आठवड्यात शेकाट्या आणि बगळे येतात तेव्हा हे चुकलं तर लपवायला जागा नसते.

बोटांसाठी आधी फांदी हलकी काढून घ्या, मग बोटं तिच्याभोवती गुंडाळा. बुलबुल, साळुंकी, दयाळ यांची तीन बोटं पुढे, एक मागे. समोरून बघताना मागचं बोट फांदीआड जातं. कोकीळ, भारद्वाज, तांबट, पोपट आणि सुतार यांची दोन पुढे, दोन मागे. खंड्या आणि वेडा राघू यांची पुढची बाहेरची दोन बोटं बऱ्याच लांबीपर्यंत जोडलेली असतात, ती सुटी-सुटी काढू नका.

तपासा (१० व्या मिनिटाला): वही हातभर लांब धरा. चोच नाही, डोळा नाही, तरी पक्षी तोल सांभाळून बसलेला वाटतो का? नसेल तर आत्ताच पुसा. इथे मिनिटभरात दुरुस्ती होते. पिसं भरल्यावर पुसायला गेलात तर कागद खराब होतो.

### १० ते १४ मिनिटं: चोच आणि डोळा

डोक्याच्या चेंडूतून आडवी मध्यरेघ काढा आणि ती पुढे वाढवा. चोच या रेघेवर बसते. आधी वरची आणि खालची चोच मिळते ती फट काढा, मग वरचा भाग, मग खालचा. फट मागे जिथे संपते तो तोंडाचा कोपरा. बहुतेक छोट्या पक्ष्यांत डोळा या कोपऱ्याच्या वर आणि किंचित मागे असतो. डोळा पुढे सरकला किंवा मोठा झाला की चेहरा बाहुलीचा होतो.

चोचीची लांबी डोक्याशी ताडून बघा. चिमणीची डोक्याच्या निम्मीही नाही, पांढऱ्या छातीच्या खंड्याची डोक्याहून लांब. बगळ्यांत तोंडाची फट म्हणजे ओळखच आहे: मध्यम बगळ्यात ती डोळ्याखाली थांबते, मोठ्या बगळ्यात डोळ्याच्या मागे जाते. रोहिताची चोच मध्येच खाली मोडते. तिला गोल वळण देऊ नका.

बुबुळाचा रंग आधी पाहून ठेवा. कोकीळ आणि भारद्वाज यांचे डोळे लाल, वंचकाचा पिवळा, सातभाईचा फिकट. हरियालच्या डोळ्यात निळं आणि त्याबाहेर गुलाबी वलय असतं. साळुंकीच्या डोळ्यामागचा पिवळा भाग म्हणजे उघडी कातडी, तिथे पिसं काढायची नाहीत. डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका कागदाचाच पांढरा राखा, नंतर खोडून काढलेला ठिपका करडा राहतो.

### १४ ते १९ मिनिटं: मिटलेला पंख आणि शेपूट

मिटलेल्या पंखात एकेक पीस काढायला बसलात की संपलं. आधी फक्त हद्दी काढा. खांद्यावरची मऊ पिसं सगळ्यात वर येतात आणि पंखाचा वरचा भाग झाकतात. त्याखाली लहान पिसांच्या ओळी, कौलारू छपरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या. त्याखालून उडण्याची लांब पिसं निघतात आणि गठ्ठ्यासारखी एकावर एक बसतात. या तीन पट्ट्या बरोबर पडल्या, तर आत चार-पाच रेघांत पंख उभा राहतो.

पंखाचं टोक कुठे संपतं ते मोजा. बुलबुल, साळुंकी यांच्यात ते शेपटीच्या मुळापाशी किंवा थोडं पुढे येतं, भिंगरीसारख्या सतत उडणाऱ्या पक्ष्यांत शेपटीच्या टोकाच्या आसपास पोचतं. पंख आखूड काढला की पक्षी पिल्लू वाटतो.

छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या शेपटीत साधारण बारा पिसं असतात, कोतवालाच्या दहा. मिटलेल्या शेपटीत ती सगळी दिसत नाहीत, तेव्हा दिसतात तेवढीच काढा. वेड्या राघूच्या शेपटीची मधली दोन पिसं तारेसारखी बाहेर येतात. ती शेपटीच्या मधूनच निघाली पाहिजेत, कडेने नाही.

### १९ ते २४ मिनिटं: छाया, आणि पिसं सगळ्यात शेवटी

छाया देताना पक्ष्याचा रंग आणि पक्ष्यावरची सावली यांची गल्लत होते. खूप पक्ष्यांची पाठ गडद आणि पोट फिकं असतं. उन्हात पाठ उजळते, पोटावर सावली पडते आणि फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. फोटोतली छटा जशीच्या तशी उतरवली, तर धड चपटं होतं. आधी ठरवा उजेड कुठून येतो, मग अंड्याला अंड्यासारखी सावली द्या, आणि त्यावर पक्ष्याचा रंग चढवा.

काळ्या पक्ष्यांत ४बी फक्त सर्वांत गडद जागी. पाठीवरची, खांद्यावरची चमक कागदाची ठेवा आणि तिच्याभोवती २बीने काम करा. कावळ्याची मान राखाडी असते, तिच्यामुळे डोकं आणि धड आपोआप वेगळे होतात. डोमकावळा काढलात तर ही सोय नाही.

पिसांचा पोत तीनच जागी पुरे: गालावर, छाती आणि पंख यांच्या कडेला, आणि उजेड-सावलीच्या सीमेवर. रेघांची दिशा चोचीकडून शेपटीकडे. अंगभर सारख्या रेघा मारल्या की पक्षी केसाळ दिसतो.

तपासा: चित्राचा फोटो मोबाइलवर आडवा उलटून, आरशात दिसेल तसा, बघा. वाकडी चोच, खाली घसरलेला डोळा लगेच उघडा पडतो. दुरुस्तीला एक मिनिट. घड्याळ वाजलं की पेन्सिल खाली, तारीख आणि पक्ष्याचं नाव लिहा. अर्धवट राहिलेलं चित्र तसंच पाठवायचं. एक तास घेऊन पूर्ण केलेलं चित्र पुढच्या तीन दिवसांचा उत्साह खातं.

## टप्पा ६: बाहेर जाऊन काढायचा रविवार

सकाळी सात ते नऊ, गावातलं तळं किंवा नदीकाठ. वंचक, गायबगळा, टिटवी हे बराच वेळ एका जागी थांबतात, त्यांच्यापासून सुरुवात करा. शिंपी, शिंजीर यांच्या मागे लागाल तर कोरी वही घेऊन घरी याल.

एका पानावर पाच-सहा पवित्रे एकदम सुरू करा. पक्षी हलला की ते चित्र सोडा आणि नवीन पवित्र्याचं धरा. पक्षी तेच ते पवित्रे पुन्हा घेतो. पहिला परत आला की पहिल्यावर या. प्रत्येकाला दोन मिनिटांहून जास्त देऊ नका, आणि डोळा, पिसं, बोटं यांच्या भानगडीत पडू नका. नोंदी शब्दांत लिहा: 'पाय पिवळे', 'चोचीचं टोक काळं', 'ऊन उजवीकडून'. छोट्या बगळ्याचे पाय काळे आणि बोटं पिवळी असतात, पण तो पाण्यात उभा असेल तर बोटं दिसणार नाहीत. तो चालायला लागेपर्यंत थांबा.

सावध: पक्षी जवळ यावा म्हणून मोबाइलवर आवाज वाजवू नका. घरटं दिसलं तर मागे फिरा. अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत येतं.

## टप्पा ७: चौथ्या आठवड्यातले रंग

रंग लावण्याआधी पेन्सिलच्या रेघा मऊ खोडरबराने दाबून फिक्या करा. वर रंग बसला की त्या निघत नाहीत.

काळ्याला ट्यूबमधला काळा वापरू नका, तो मृत दिसतो. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना मिसळा. निळा जास्त केला तर थंड काळा, तपकिरी जास्त केला तर उबदार. पांढऱ्या पक्ष्याला कधीही गडद बाह्यरेघ नको. मागची पार्श्वभूमी फिकट रंगवा आणि कागदालाच पक्षी होऊ द्या. खंड्याच्या पाठीला स्वच्छ पाणी आणि धुतलेला ब्रश घ्या. आधीच्या तपकिरीचा अंश राहिला की निळा मळतो. म्हणून त्याची पाठ आधी, डोकं आणि पोट नंतर. शिंजिराची चमक पांढऱ्या रंगाने आणता येत नाही. गडद निळा-जांभळा लावताना दोन-तीन छोट्या जागा कोऱ्या सोडा, आणि वाळल्यावर त्यांवर पातळ जांभळ्या-हिरव्याचा हात द्या.

घारीचं उडतं चित्र बाह्यरेषेवर जिंकलं जातं. पंख मनगटाशी वाकतो, तो कोन दाखवा. घारीची शेपूट मध्ये किंचित खाचलेली असते, ब्राह्मणी घारीची गोलसर. उडता बगळा काढायचा मोह झाला तर मान आखडून घ्या: बगळे मान दुमडून उडतात, करकोचे आणि रोहित ताठ ठेवून.

## टप्पा ८: पाठवणं आणि एकमेकांच्या चित्रांवर बोलणं

खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या जागी कागद सपाट ठेवा, मोबाइल कागदाला समांतर धरा. तिरका धरला तर मेहनतीने मोजलेलं प्रमाण फोटोत बिघडतं आणि टीका मात्र चित्रावर होते. व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा फोटो दाबला जातो आणि एचबीच्या हलक्या छटा उडतात. फाइलचं नाव: तारीख, पक्षी, स्वतःची आद्याक्षरं.

रोज एकाची पाळी. त्याने प्रत्येक चित्रावर दोन वाक्यं लिहायची: पक्ष्याचं काय बरोबर आलं आहे, आणि एक गोष्ट जी फोटोशी जुळत नाही. 'अप्रतिम', टाळ्या, अंगठे यांनी कोणाचा हात सुधारत नाही. 'डोळा तोंडाच्या कोपऱ्याच्या पुढे गेला आहे' एवढं बास. दुसऱ्याच्या चित्रावर लाल रेघांनी दुरुस्ती करायची असेल तर आधी विचारा. बारा चित्रांना दोन-दोन वाक्यं म्हणजे पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे, तेव्हा पाळीच्या माणसाला त्या दिवशी चित्राची सूट द्या.

## दिवस चुकला तर

दुसऱ्या दिवशी दोन चित्रं काढायची नाहीत. आज यादीत जो पक्षी आहे तोच काढा, चुकलेला १५ किंवा ३० तारखेच्या मोकळ्या दिवसाला लावा. त्या दिवसांत मावला नाही तर सोडून द्या. सलग तीन दिवस चुकलेल्या माणसाला गटात सर्वांसमोर विचारू नका. पाळीच्या माणसाने फोन करावा आणि उद्याचा पक्षी कोणता तेवढं सांगावं.

## महिना संपल्यावर

पेन्सिलची पानं एकमेकांवर घासून पुसट होतात, म्हणून प्रत्येक दोन पानांत बटर पेपर घाला आणि वही कपाटात आडवी ठेवा. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्याच्या तोंडावर ती काढून एकदा वाऱ्यावर धरा, नाहीतर कसर लागते. सगळ्यांच्या चित्रांचं कॅलेंडर छापायचं असेल तर प्रत्येकाची लेखी संमती घ्या, ज्यांच्या फोटोंवरून चित्रं काढली त्या छायाचित्रकारांनाही विचारा, आणि 'व्यावसायिक वापर नाही' असा परवाना असलेल्या फोटोंवरची चित्रं विकायच्या कॅलेंडरातून वगळा.